वरिष्ठ सभागृहाची सुधारणा : एक विसरलेली मागणी

वसईच्या किल्ल्यात फिरावयास गेलेला मनुष्य बहुधा दोन गोष्टी पाहून परत येतो. एक, छप्पर उडून गेलेल्या पोर्तुगीज प्रार्थनामंदिरांच्या उंच भिंती. दुसरी, चिमाजीअप्पांचे स्मारक. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी तो जिंकून घेतला, एवढा इतिहास शाळेतल्या मुलासही पाठ असतो. परंतु त्या दोनशे वर्षांत ह्याच कोटाच्या आत शहराचा कारभार पाहणारी एक नगरसभा नांदत होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. पोर्तुगीज वसाहतींतील अशा सभांत सामान्यतः मोजक्या प्रतिष्ठित घराण्यांचाच शब्द चाले. मळ्यात राबणारा, मिठागरात उन्हात उभा राहणारा किंवा होडी समुद्रात लोटणारा मनुष्य त्या सभेच्या दाराबाहेरच असे. पुढे इंग्रजी अमलात वसईस म्युनिसिपालिटी मिळाली, आणि २००९ च्या जुलै महिन्यात वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका झाली. राजवटी बदलल्या, सभांची नावे बदलली. प्रश्न मात्र एकच राहिला. सभेत बसावयाचे कोणी, आणि त्यास तेथे पाठवावयाचे कोणी?

हाच प्रश्न आपल्या राज्याच्या विधान परिषदेस, म्हणजे वरिष्ठ सभागृहास, विचारून पाहावा, असा ह्या लेखाचा हेतू आहे. परिषदेविषयी आपल्याकडे जेव्हा जेव्हा बोलणे निघते तेव्हा तेव्हा ते दोन टोकांस जाऊन थांबते. एक पक्ष म्हणतो, ही शोभेची बाहुली मोडून टाका; दुसरा म्हणतो, आहे ते असू द्या. तिची घडण बदला, असे निकराने म्हणणारा तिसरा पक्ष क्वचितच आढळतो. परंतु कायदेमंडळाची घडण बदलून घेण्यासाठी सरकारच्या मागे हात धुऊन लागणे, ही तर आपल्या मुंबई इलाख्याचीच जुनी परंपरा आहे. ती परंपरा कशी सुरू झाली, तिला यश कसे आले, आणि नंतर ती कोठे लोपली, हे पाहिल्याशिवाय आजच्या प्रश्नाचे मूळ हाती लागणार नाही.

१८६१ च्या कायद्याने मुंबईस कायदे कौन्सिल मिळाले आणि १८६२ साली त्याची पहिली बैठक भरली. नाना शंकरशेट हे त्यात घेतलेल्या पहिल्या हिंदी गृहस्थांपैकी होत. हे कौन्सिल अर्थात् वरिष्ठ सभागृह नव्हते, कारण त्याच्याखाली कनिष्ठ असे काही नव्हतेच. गव्हर्नराने आपल्या पसंतीची चार-दोन वजनदार माणसे बोलावावी, त्यांनी मसुद्यावर आपले मत द्यावे, आणि गव्हर्नराने मनास येईल ते करावे, असा एकंदर प्रकार होता. जमाखर्चावर बोलण्याची सोय नव्हती व प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. जो सभासद नेमणुकीने आला तो नेमणाऱ्याच्या मर्जीविरुद्ध किती बोलणार, हे सांगावयास पाहिजे असे नाही.

ह्या स्थितीविरुद्ध पहिला पद्धतशीर आवाज पुण्याहून उठला. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने १८७५ साली थेट पार्लमेंटाकडेच अर्ज धाडला आणि हिंदुस्थानास तेथे प्रतिनिधी मिळावे अशी मागणी केली. त्या काळी हे धाडस अनेकांस हास्यास्पद वाटले असेल. परंतु त्यात एक राजकीय शहाणपण होते. कायदे कौन्सिलाची घडण ठरविण्याचा अधिकार मुंबईच्या गव्हर्नरास नव्हता, कलकत्त्याच्या व्हाइसरॉयासही नव्हता. तो पार्लमेंटाचा होता. तेव्हा दार ठोठावावयाचे तर किल्ली ज्याच्या कनवटीला आहे त्याचेच ठोठावले पाहिजे, हे रानडे व त्यांचे सहकारी यांनी आरंभीच ओळखले होते.

दहा वर्षांनी, १८८५ च्या डिसेंबरात, मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. ७२ प्रतिनिधींच्या त्या बैठकीतील तिसरा ठराव कायदे कौन्सिलांच्या सुधारणेविषयी होता, आणि तो मांडला काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी. तेलंग स्वतः १८८४ पासून मुंबईच्या कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद होते. म्हणजे ज्या नेमणुकीच्या पद्धतीने ते स्वतः आत आले होते, तिच्याच जागी निवडणूक आणा, असे ते म्हणत होते. ठरावातील मागण्याही मोघम नव्हत्या : निवडलेल्या सभासदांचे प्रमाण मोठे असावे, अंदाजपत्रक कौन्सिलापुढे यावे, सभासदांस प्रश्न विचारता यावे, आणि बहुमत डावलून सरकारने काही केले तर त्या तक्रारीचा विचार करण्यास पार्लमेंटात एक स्थायी समिती असावी. दादाभाई नौरोजींनी ह्या ठरावास पाठिंबा दिला.

ठराव करणे सोपे असते; तो दरसाल पुढे रेटीत राहणे कठीण. राष्ट्रीय सभेने हे कठीण काम केले. १८८९ साली अधिवेशन पुन्हा मुंबईस भरले तेव्हा चार्ल्स ब्रॅडलॉ हे पार्लमेंटाचे सभासद मुद्दाम आले होते. कौन्सिलात निम्म्याहून कमी नाहीत इतके सभासद निवडलेले असावे, त्यांची निवड मतदारसंघांमार्फत कशी व्हावी, अशी एक तपशीलवार योजनाच त्या वेळी सिद्ध करण्यात आली, आणि ब्रॅडलॉ यांनी त्या धोरणाचे विधेयक कॉमन्स सभेत नेले. मग सरकारासही हालचाल करणे भाग पडले. भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांनी १८९० मध्ये आपले स्वतःचे विधेयक लॉर्डांच्या सभेत आणले. ते रेंगाळत रेंगाळत १८९२ साली एकदाचे मंजूर झाले.

ह्या १८९२ च्या कायद्यात निवडणूक हा शब्दच नव्हता, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. काही संस्थांनी नावे सुचवावी आणि गव्हर्नराने त्या माणसांची नेमणूक करावी, असे त्याचे आडवळणी रूप होते. नावे सुचविण्याचा हा हक्क मुंबई इलाख्यात कोणास मिळाला? मुंबईच्या म्युनिसिपालिटीस, विद्यापीठास, इतर गावांच्या म्युनिसिपालिट्यांस व लोकल बोर्डांस, दक्षिणेतील सरदारांस आणि व्यापारी मंडळास. आणि वरच्या, म्हणजे व्हाइसरॉयाच्या कौन्सिलासाठी प्रांतिक कौन्सिलांच्या बिनसरकारी सभासदांनी आपल्यातला एक पाठवावा, असे ठरले. वाचकांनी ही यादी ध्यानात ठेवावी. स्थानिक संस्था, पदवीधरांचे विद्यापीठ, आणि सभासदांनीच निवडलेला सभासद : ह्या तिन्हींशी आपली पुढे पुन्हा गाठ पडावयाची आहे.

मिळाले ते मागितल्याच्या मानाने थोडेच होते. परंतु त्या अरुंद दारातून कोण माणसे आत गेली ते पाहा. फिरोजशहा मेहता १८९३ साली मुंबईच्या म्युनिसिपालिटीतर्फे कौन्सिलात गेले व तेथून व्हाइसरॉयाच्या कौन्सिलात. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या मतांनी निवडून आले. गोखले १८९९ मध्ये आले. १९०१ साली जमीनमहसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करून सरकारने शेतकऱ्याचा जमीन देण्याघेण्याचा हक्क आवळण्याचे योजिले, तेव्हा फिरोजशहांनी विधेयक लांबणीवर टाकण्याची सूचना केली. ती फेटाळली जाताच ते, गोखले व त्यांचे सोबती सभागृहातून उठून बाहेर गेले. मतांनी ते हरले, पण निवडून आलेला माणूस आणि नेमलेला माणूस यांतील भेद त्या दिवशी साऱ्या इलाख्यास दिसला. तेलंगांच्या भाग्यी मात्र हे पाहणे नव्हते. १८८९ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि पहिल्या निवडणुका झाल्या त्याच १८९३ साली, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले.

ह्या पिढीने स्थानिक संस्थांमार्फत होणारी निवडणूक पत्करली ती काही आदर्श म्हणून नव्हे. सामान्य जनतेस मताधिकार देण्यास सरकार तयार नव्हते. तेव्हा निवडणुकीचे तत्त्व ज्या रूपाने पदरात पडेल त्या रूपाने ते घ्यावे, आणि पुढची पायरी पुढे चढावी, असा त्यांचा हिशेब होता. ती शिडीची एक पायरी होती. तिच्यावर कायमचे बसून राहावयाचे, असे त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात आलेले नव्हते.

आता खऱ्या वरिष्ठ सभागृहाकडे वळू. हिंदुस्थानात दोन सभागृहे प्रथम आली ती १९१९ च्या कायद्याने, आणि तीही केवळ दिल्लीत. असेंब्लीच्या डोक्यावर साठ सभासदांची ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ बसविण्यात आली. आरंभी तिचे मतदार साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून सतरा हजारांच्या आसपास होते. मोठे जमीनदार, मोठे करदाते व थोडे विद्वान एवढ्यांचाच त्यांत समावेश. ह्या सभागृहाचा उपयोग काय, ह्याचा दाखला १९२३ साली मिळाला. सरकारने मिठावरील कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर नेण्याचे योजिले. असेंब्लीने ही वाढ नामंजूर केली. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या शिफारशीसह विधेयक वरिष्ठ सभागृहाकडे धाडले. तेथे ते मंजूर झाले, आणि व्हाइसरॉयाने आपल्या खास अधिकाराचे शिक्कामोर्तब करून कर लागू केला. वसईसारख्या मिठागरांच्या मुलखात, जेथे मीठ डोळ्यांदेखत शेतासारखे पिकते, तेथे ह्या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. लोकांनी निवडलेल्या सभेने नाही म्हटले, आणि मूठभरांच्या सभेने होय म्हटले. दुसऱ्या वर्षी कर पुन्हा सव्वा रुपयावर आला, पण वरिष्ठ सभागृह म्हणजे सरकारची ढाल, ही समजूत लोकांच्या मनात घट्ट बसली.

मुंबई प्रांतास वरिष्ठ सभागृह मिळाले ते १९३५ च्या कायद्याने. आणि ते मुंबईच्या लोकांनी मागून घेतलेले नव्हते. ब्रिटिश सरकारने आधी प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत अशी सभागृहे बंगाल, संयुक्त प्रांत व बिहार एवढ्यांनाच द्यावयाची होती. पार्लमेंटाच्या संयुक्त समितीने त्यांत मुंबई व मद्रास यांची भर घातली. १९३७ मध्ये मुंबईची नवी लेजिस्लेटिव्ह कौन्सिल अस्तित्वात आली आणि मंगळदास पक्वासा तिचे अध्यक्ष झाले. तीसच्या आत-बाहेर सभासद, त्यांत सर्वसाधारण जागा २०, मुसलमानांच्या ५, युरोपियनांची १, व तीन-चार गव्हर्नरनियुक्त, अशी तिची घडण होती. वसई-पालघरच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहत आलेल्या ख्रिस्ती समाजासाठी, किंवा डोंगरपट्टीतील वारली-कातकऱ्यांसाठी, तीत वेगळी जागा नव्हती. मतदार होते ते पैशाने किंवा पदाने मोठे असलेले.

स्वातंत्र्य आले तेव्हा हे सभागृह ठेवावे की नाही, असा प्रश्न घटना समितीपुढे पडला. समितीने तो प्रत्येक प्रांताच्या सभासदांवरच सोपविला. मुंबईच्या सभासदांनी परिषद हवी असा कौल दिला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सभासदांनी नको असा दिला. म्हणजे एकाच मराठी भाषेची माणसे एका प्रांतात दोन सभागृहांखाली व दुसऱ्या प्रांतात एकाखाली नांदू लागली, आणि नागपूर-अमरावतीच्या लोकांचे १९५६ पर्यंत परिषदेवाचून काही अडल्याचे कोणी म्हटले नाही. पुढे १९६० साली महाराष्ट्रास ७८ सभासदांची परिषद मिळाली, गुजरात मात्र एकाच सभागृहावर राहिला. परिषद आहे किंवा नाही ह्यावरच राज्याचे बरेवाईट अवलंबून असते असे नव्हे, एवढे तरी ह्यावरून निश्चित होते. ती असावयाची तर कशी असावी, हाच खरा प्रश्न आहे.

घटनेच्या पहिल्या मसुद्यात ह्या प्रश्नास एक निराळे उत्तर दिलेले होते. परिषदेतील निम्म्या जागा विशेष ज्ञान असलेल्या माणसांच्या नामावळ्यांतून भराव्या, अशी ती कल्पना. एक नामावळी साहित्य-कला-शास्त्रांची, एक शेती व मासेमारीची, एक स्थापत्याची, एक लोकसेवेची. अर्नाळ्याच्या किंवा नायगावच्या एखाद्या जाणत्या कोळ्याने मासेमारीच्या ज्ञानाच्या बळावर वरिष्ठ सभागृहात बसावे, ही गोष्ट निदान कागदावर शक्य होती. ती योजना मागे पडली. त्यानंतर परिषदेची घडण संपूर्णपणे पार्लमेंटावरच सोपवावी असे सुचविण्यात आले. पण घटना इतकी मोकळी ठेवू नये, असा आक्षेप १९४९ च्या जुलैत निघाला. अखेर ऑगस्टात जे ठरले तेच आजचे १७१ वे कलम. एक तृतीयांश सभासद स्थानिक संस्थांचे, एक तृतीयांश विधानसभेच्या सभासदांनी निवडलेले, एक द्वादशांश पदवीधरांचे, एक द्वादशांश माध्यमिक व त्यावरील शिक्षकांचे, आणि उरलेले राज्यपालनियुक्त. महाराष्ट्रात हा हिशेब अनुक्रमे २२, ३०, ७, ७ व १२ असा पडतो.

वाचकांस १८९२ ची यादी आठवत असेल. स्थानिक संस्था, विद्यापीठाचे पदवीधर, सभासदांनी निवडलेले सभासद, आणि गव्हर्नराच्या नेमणुका! परक्या सरकारने सार्वत्रिक मतदान नाकारले म्हणून फिरोजशहा-टिळकांनी ज्या पायऱ्या नाइलाजाने पत्करल्या, त्याच पायऱ्या सार्वत्रिक मतदानाच्या युगात वरिष्ठ सभागृहाचा कायमचा सांगाडा होऊन बसल्या. १९५१ च्या खानेसुमारीत देशातील साक्षरतेचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. त्या काळी पदवीधर हा समाजात विरळा होता, व त्याच्या मताचा वेगळा विचार करण्यास काही कारण सांगता येत होते. आज वसई-विरारच्या कोणत्याही चाळीत किंवा इमारतीत पदवीधर सापडतो. तरीही पदवी असलेल्यास एक अधिक मत आणि नसलेल्या शेतकऱ्यास, कोळ्यास ते नाही, ह्याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करावयाचे?

परंतु घटनाकारांस दोष देण्याचे कारण नाही, आणि ह्या लेखातील मुख्य मुद्दा तो हाच. १७१ व्या कलमाच्या दुसऱ्याच पोटकलमात त्यांनी स्पष्ट लिहून ठेविले आहे की, ही घडण पार्लमेंट कायद्याने अन्यथा ठरवीपर्यंतच राहावयाची आहे. डॉ. आंबेडकरांनीही परिषद हा एक प्रयोग आहे, तो फसल्यास मोडण्याची सोय घटनेत आहे, असे सांगितले होते. घडण बदलण्यास घटनादुरुस्ती नको, दोनतृतीयांश बहुमत नको; लोकसभा व राज्यसभा यांनी एक साधा कायदा केला की पुरे. म्हणजे दार बंद केलेले नव्हते, नुसते लोटून ठेविले होते. पाऊणशे वर्षे उलटली, तरी ते कोणी ढकलून पाहिले नाही. १९५६ मध्ये परिषदेच्या संख्येची कमाल मर्यादा विधानसभेच्या एक चतुर्थांशावरून एक तृतीयांशावर नेण्यात आली. म्हणजे जागा वाढविण्याचे सुचले, त्या कोणी भरावयाच्या हे बदलण्याचे सुचले नाही.

असे का झाले? आमच्या मते त्याचे कारण १६९ व्या कलमात आहे. परिषद मोडावी किंवा नव्याने आणावी, असा ठराव करण्याचा मान घटनेने राज्याच्या विधानसभेस दिला आहे; तिची घडण बदलण्याच्या कामी विधानसभेस असे कोणतेच स्थान नाही. त्यामुळे परिषदेचा राग आला की विधानसभा मोडण्याचा ठराव करते, लोभ सुटला की आणण्याचा करते. पश्चिम बंगाल व पंजाबातील परिषदा १९६९-७० मध्ये गेल्या, तामिळनाडूची १९८६ मध्ये. आंध्र प्रदेशाची १९८५ मध्ये गेली, २००७ मध्ये परत आली. २०२० मध्ये तेथील विधानसभेने ती पुन्हा मोडण्याचा ठराव केला, आणि २०२१ मध्ये तो ठरावच मागे घेतला! ह्या येरझाऱ्यांत सत्तारूढ पक्षाच्या सोयीपलीकडे कोणते तत्त्व होते? राजस्थान व आसाम यांनी परिषदा मागितल्या तेव्हा संसदेच्या समितीने ह्या बाबतीत एक राष्ट्रीय धोरण ठरवावे असे सुचविले होते. तेही कागदावरच राहिले. इंग्लंडात १९११ च्या कायद्याच्या प्रास्ताविकातच लॉर्डांच्या जागी लोकनियुक्त सभागृह आणण्याचा मनोदय लिहिलेला होता, आणि १९९९ मध्ये बहुतेक वंशपरंपरागत लॉर्ड गेले तरी ९२ मागे उरले. सत्तेच्या सोयीची वस्तू आपण होऊन कोणीच सुधारीत नाही, असा सर्व देशांचा अनुभव आहे.

ह्या आळसाची किंमत कोण देतो, हे पाहावयास वसईच्या बाहेर जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या मतदारसंघात ग्रामपंचायतीच्या सभासदास मत नाही; कर्नाटकात ते आहे. २००९ पर्यंत ज्या ५३ ग्रामपंचायती होत्या, त्यांच्या पंचांस परिषदेच्या निवडणुकीत स्थान नव्हते. महानगरपालिकेत आल्यावर त्या गावांचे नगरसेवक मतदार झाले. आम्हांस शहरात घालू नका म्हणून कित्येक गावांनी मोठा लढा दिला, तो प्रश्न वेगळा. पण निदान हा एक हक्क त्यांच्या पदरी आला असे म्हणावे, तर तोही टिकला नाही. २०२० च्या जूनमध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. २०११ च्या खानेसुमारीत ज्या शहराची वस्ती १२,२२,३९० भरली, त्याच्या वतीने परिषदेसाठी मत देणारे नगरसेवक २०१५ च्या निवडणुकीनंतर ११५ होते; २०२० नंतर ते शून्य झाले. तीनचतुर्थांश स्थानिक संस्था व तितकेच मतदार जागेवर असल्याखेरीज ह्या मतदारसंघाची निवडणूक घेत नाहीत. त्यामुळे २०२२ च्या जूनमध्ये रिकामी झालेली ठाणे-पालघरची जागा तीन वर्षांहून अधिक काळ रिकामी राहिली. म्हणजे राज्य सरकारच्या काळात खालची संस्था रखडली, की वरच्या सभागृहातील तिची खुर्चीही आपोआप रिकामी! ज्या सभागृहाने सरकारास जाब विचारावयाचा, त्याचेच मतदार असे नाहीसे व्हावे, ह्याहून विपरीत रचना कोणती?

नियुक्त जागांचीही तीच कथा. २०२० च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने १२ नावे राज्यपालांकडे धाडली. त्यांवर निर्णयच झाला नाही. निर्णय वाजवी मुदतीत घेणे हे कर्तव्य आहे, असे उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले, तरी पुढे सरकार बदलले, यादी मागे घेतली गेली, आणि अखेर २०२४ च्या ऑक्टोबरात सात जागा भरल्या. साहित्य, शास्त्र, कला, सहकार व समाजसेवा यांच्यासाठी राखलेल्या ह्या जागा. एके काळी ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर यांसारखे कवी ह्याच जागांवर बसत असत.

शिक्षकांची गोष्ट तर अधिकच बोचणारी आहे. समजा, वसई तालुक्यातील एकाच गावात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे व शेजारी एक हायस्कूल आहे. हायस्कुलातील शिक्षकास परिषदेसाठी मत आहे. पाटीवर पहिले अक्षर काढावयास शिकविणाऱ्या प्राथमिक शिक्षकास ते नाही, कारण त्याची शाळा माध्यमिकाहून खालच्या दर्जाची! शिक्षणाचा पाया घालणाऱ्यास हलका लेखणारा हा भेद महात्मा फुल्यांच्या महाराष्ट्रात इतकी वर्षे टिकावा, ह्याचे आश्चर्य वाटते. तो काढण्यासही साधा कायदाच पुरेसा आहे.

मग परिषद मोडूनच का टाकू नये? आम्ही तसे म्हणत नाही, आणि त्यास कारण आहे. १९६० पासून १९७८ पर्यंत परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना चिंतनाने व प्रत्यक्ष प्रयोगाने उभी केली. १९७२ च्या दुष्काळात तिने लक्षावधी कुटुंबांस तारले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये साऱ्या देशाने तिचा कित्ता गिरविला. ग. प्र. प्रधान पदवीधरांच्या मतदारसंघातून अठरा वर्षे परिषदेत होते. विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी जे संयमाचे व अभ्यासाचे वळण घालून दिले, ते आजही सांगितले जाते. निवडणुकीच्या धकाधकीपासून थोडे दूर बसून विचार करणाऱ्या माणसांची राज्यास गरज असते. परंतु सज्जन माणसे अधूनमधून लाभली म्हणून वाईट रचना चांगली ठरत नाही. चांगल्या रचनेत अशी माणसे योगायोगाने नव्हे, नियमाने यावयास पाहिजेत.

तेलंगांच्या ठरावासारख्या मोजक्या व नेमक्या मागण्या आज करावयाच्या तर त्या अशा असू शकतील : प्राथमिक शिक्षकांस मत द्यावे; ग्रामपंचायतींस स्थानिक संस्थांच्या मतदारसंघात घ्यावे; स्थानिक संस्थांची मुदत संपताच निवडणूक न झाल्यास त्यांचा परिषदेतील वाटा बुडणार नाही अशी तजवीज कायद्यात करावी; आणि पदवीच्या जागी किंवा जोडीस शेती, मासेमारी, कारागिरी, श्रम यांच्या नामावळ्यांची ती जुनी कल्पना पुन्हा तपासून पाहावी. ह्यांपैकी एकही गोष्ट मुंबईच्या विधानभवनास एकट्याने करता येणार नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेने, तिच्या खासदारांनी व येथील लोकांनी ह्या मागण्या दिल्लीस नेल्या पाहिजेत आणि तेथे दरसाल मांडल्या पाहिजेत. कारण किल्ली आज तेथे आहे.

वसईच्या लोकांस सरकारच्या मागे लागणे नवीन नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या साहित्यिक धर्मगुरूंच्या साथीने येथल्या मळेवाल्यांनी हरित वसईसाठी केलेली चळवळ अजून पुष्कळांच्या स्मरणात आहे. पाणी, झाडे व जमीन यांचे मोल डोळ्यांस दिसते म्हणून त्यांसाठी माणूस रस्त्यावर येतो. मतदारसंघाची घडण डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी उठत नाही. पण पाण्याचा आणि जमिनीचा निकाल जेथे लागतो त्या सभेत आपला माणूस आहे की नाही, हे त्याच न दिसणाऱ्या घडणीवर ठरते. १८८५ साली ७२ माणसांनी हे ओळखले, आणि सात वर्षांत एका साम्राज्यास कायदा बदलावयास लावला. त्यांच्या हाती मत नव्हते. आपल्या हाती ते आहे.